पंधरा हजारांचा टीव्ही आणि आत्यांची खाट

टीव्ही घेतल्यापासून शाळेत, गल्लीत, भिशीत एकच विचारणा आहे: कुठल्या कंपनीचा घेतला आणि कितीला पडला? किंमत सांगते, कंपनी सांगत नाही. लपवण्यासारखं काही नाही. पण दर दिवाळीला मॉडेलं बदलतात, मॉडेलच्या नावातलं एखादं अक्षर बदललं की आतलं पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा मूळ पडदाच, बदलू शकतं, आणि माझ्या भरवशावर कुणी भलताच टीव्ही घरी नेला तर पुढची दहा वर्षं बोलणी मलाच बसतील. त्यापेक्षा आम्ही कसा निवडला ते लिहिते. ज्यांच्या हातात पन्नास हजार आहेत त्यांनी हे वाचायची गरज नाही. त्यांनी दुकानातला मोठ्यात मोठा उचलावा, चांगलाच निघेल.

आमचा हिशेब असा होता. शाळेतल्या दहा जणींची दीड हजाराची भिशी आहे, ती ऑक्टोबरात माझ्या नावावर निघाली. म्हणजे पंधरा हजार, आणि त्यात वरून घालायला काही नाही. हे बार्शीच्या मार्केट यार्डात एका आडतीवर हिशेब लिहितात, मी शाळेच्या ग्रंथालयात, आणि चिरंजीव दहावीत असल्यामुळे आधी क्लासची फी, मग बाकीचं जग. बघणारे चार आणि प्रत्येकाचं बघणं वेगळं. आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सकाळी कीर्तन आणि संध्याकाळी मालिका, ह्यांना बातम्या, पोराला क्रिकेट नाहीतर कबड्डी, मला रात्री सगळं आवरल्यावर यूट्यूबवर जुनी नाटकं. आधीचा टीव्ही लग्नातला, व्हिडिओकॉनचा २१ इंची, पोटवाला. आपल्याच संभाजीनगरजवळच्या चितेगावच्या कारखान्याचा म्हणून सासरे कौतुकानं सांगायचे. गेल्या पावसाळ्यापासून त्याचा एक कोपरा हिरवा पडायला लागला, आणि हिरव्या कोपऱ्यात नेमका स्कोअर यायचा.

दुकानात जायच्या आधी मी मेजरटेप काढली. टीव्हीचे इंच तिरके मोजतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. ३२ इंची टीव्ही रुंदीला साधारण साडेअठ्ठावीस इंच भरतो आणि ४३ इंची जवळपास अडतीस. आमच्या शोकेसचा मधला कप्पा एकतीस इंचांचा. तो पोटवाल्या टीव्हीसाठी सुताराकडून करून घेतलेला, सागवानी, आणि तो तोडायचा विषय घरात कुणी काढू शकत नाही. मग ४३ घेतला तर भिंतीवर लावणं आलं. भिंत जुनी, दगडमातीची. तिच्यात घड्याळाचा खिळा धरत नाही, तर प्लग ठोकून आठ-नऊ किलोचं वजन कुठून धरणार? खालून टेबल घ्यायचं तर त्याचे तीन हजार वेगळे, शिवाय मोठ्या टीव्हीचे पाय दोन टोकांना असतात, त्यामुळे घरातलं एखादं स्टूल सरकवून भागत नाही. हे सगळं टीव्हीच्या किमतीत धरायचं असतं. जाहिरातीत ते कुणी धरत नाही.

पोराचा जीव मात्र ४३ मध्येच होता. त्याचं म्हणणं, ३२ म्हणजे एचडी रेडी, आणि एचडी रेडी म्हणजे जुनाट. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, आकड्यांपुरतं. एचडी रेडी पडद्यावर आडवे १,३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात, फुल एचडीवर १,९२० बाय १,०८०, आणि फोरकेवर ३,८४० बाय २,१६०. आकडे वाढत जातात हे खरं; ते आपल्या डोळ्याला दिसतात का, हा प्रश्न वेगळा. आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना मी मधल्या सुट्टीत हा प्रश्न घातला, त्यांनी खडू उचलला. नजर ६/६ असलेल्या डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक भेद कळतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडचा अक्षरांचा तक्ता ह्याच मापावर आखलेला असतो. ३२ इंची एचडी रेडीचा एक ठिपका सुमारे अर्धा मिलिमीटरचा. सहा फुटांच्या पलीकडे गेलात की दोन शेजारचे ठिपके डोळ्याला वेगळे करता येत नाहीत. त्याच आकाराचा फुल एचडी घेतला तर हे अंतर सव्वाचार फुटांवर येतं. ४३ इंची फुल एचडीला साडेपाच फूट. आणि ४३ इंची फोरकेचा फायदा पुरेपूर घ्यायचा तर तीन फुटांच्या आत बसावं लागेल, म्हणजे जवळजवळ मांडीवर घेऊन.

आमच्या सोफ्यापासून शोकेस आठ फूट. म्हणजे ३२ इंचांत एचडी रेडी की फुल एचडी हा वाद आमच्या घरापुरता संपला. ४३ चं सुख आकाराचं आहे, पडदा क्षेत्रफळानं ऐंशी टक्के मोठा मिळतो, आणि ते सुख खोटं नाही. मलाही आवडलं असतं. पण ते पंधरा हजारांत टेबलासकट बसत नव्हतं. उलट एक सावधगिरी: ३९-४० इंची टीव्ही कमी किमतीत दिसला तर खोक्यावर ठिपक्यांचा आकडा बघा. काही ठिकाणी तेवढ्या मोठ्या पडद्यावरही १,३६६ बाय ७६८ च असतात, आणि तिथे सात फुटांवरून चित्र जाडंभरडं दिसू लागतं.

आता खाटेबद्दल. आत्यांची खाट खिडकीच्या भिंतीला लागून आहे आणि तिथून टीव्ही समोर दिसत नाही, बराच कडेनं दिसतो. गुडघ्यांमुळे त्या सोफ्यावर फार वेळ बसत नाहीत. घरात सगळ्यात जास्त टीव्ही त्याच बघतात. जुन्या पोटवाल्या टीव्हीला कडेनं बघितलं काय नि समोरून बघितलं काय, फरक पडत नसे. आताच्या चपट्या टीव्हींना पडतो. ह्या किमतीत बहुतेक दोन जातींची पॅनलं मिळतात, व्हीए आणि आयपीएस. व्हीएचा काळा रंग खरा काळा, रात्री दिवे मालवून बघायला फार छान, पण कडेला सरकलात की रंग उडतात आणि चेहरे पांढुरके होतात. आयपीएसचा काळा थोडा राखाडी, पण कडेनं रंग टिकतात. खोक्यावर हे क्वचितच लिहिलेलं असतं आणि विक्रेत्यालाही बहुधा ठाऊक नसतं. खोक्यावर असतं ते "ए प्लस ग्रेड पॅनल", ज्याचा अर्थ मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

तेव्हा दुकानात चालूनच बघावं लागतं. दुकानात टीव्हींची अख्खी भिंत, सगळ्यांवर एकच व्हिडिओ: पोपट, धबधबा, कापलेलं कलिंगड. रंग इतके भडक की कलिंगडाकडे बघून डोळे मिटावेत. तो व्हिडिओ टीव्ही विकण्यासाठीच बनवलेला असतो, त्याच्यावरून निवड करू नये. मी रिमोट मागितला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "वहिनी, काय बघायचंय ते सांगा, मी लावतो." म्हटलं, पिक्चर मोड व्हिव्हिडवरून स्टँडर्डवर घे. त्यानं घेतला आणि निम्मी भिंत एकदम माणसात आली.

मग माझा पेनड्राइव्ह लावला. त्यात तीन गोष्टी भरून नेल्या होत्या. आमच्या शाळेचं गॅदरिंग, रात्रीचं, कुणीतरी मोबाइलवर काढलेलं. एक कबड्डीची चढाई. आणि आत्यांच्या आवडीच्या कीर्तनाचा एक जुना, पुसट व्हिडिओ. गॅदरिंगमध्ये स्टेजवर काळा पडदा आहे आणि त्याच्यापुढे काळ्या केसांच्या पोरी. एका टीव्हीवर केस आणि पडदा एकच झाले, नुसते चेहरे हवेत नाचताना दिसले. दुसऱ्यावर पडदा राखेसारखा दिसला पण केस वेगळे कळले, वेणीतला गजरासुद्धा. कबड्डीत बघायचं ते चढाईवाल्याच्या पायाकडे. पाय वेगानं सरकतो तेव्हा मागे पुसल्यासारखी रेघ राहते का? ह्या किमतीत थोडी राहतेच, पण एका टीव्हीवर ती इतकी होती की बोनस लाइनच हरवली.

शेवटी मी फ्रिजांच्या रांगेपर्यंत कडेला गेले आणि खाटेच्या उंचीला यावं म्हणून तिथे उकिडवी बसले. हे ओशाळून दाराकडे बघत उभे. तो मुलगा विचारतो, "वहिनी, काही पडलं का?" पण तिथूनच उत्तर मिळालं. समोरून सगळ्यात देखणा दिसणारा टीव्ही कडेनं पार धुऊन निघाला होता, कीर्तनकारबुवांचा फेटा आणि कपाळ एकाच रंगाचं. आणि तो राखाडी पडद्याचा तिथूनही जसाच्या तसा. आमच्याकडे टीव्ही दिवसाउजेडी नाहीतर ट्यूबलाइटखाली बघतात, अंधार करून कुणी बसत नाही. त्यामुळे काळ्या रंगाचा खरेपणा सोडला आणि कडेनं चांगला दिसणारा टीव्ही घेतला. ज्यांचे सगळे बघणारे सरळ रेषेत बसतात त्यांनी बरोबर उलट करावं.

त्याच दुकानाच्या दारावर मोठा फलक होता, "जीएसटी कपात, सर्व टीव्ही स्वस्त". हे अर्धं खरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. कर सोडून वीस हजारांचा टीव्ही असेल तर तो पूर्वी २५,६०० ला पडायचा, आता २३,६०० ला. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हींवर मात्र १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के होते, तिथे ह्या वेळी काही बदललेलं नाही. त्यामुळे ३२ इंचीवर "नवीन जीएसटीमुळे सूट" असं कुणी म्हणालं तर ती सूट आहे, पण जीएसटीची नाही, दिवाळीची आहे, आणि दिवाळीची असेल तर अजून थोडी घासाघीस करायला जागा आहे. आम्ही केली. ११,२०० ला पडला.

हप्त्यांचं बोलणं निघालंच. विनाव्याज हप्त्यांत व्याजाची रक्कम सूट म्हणून वळती करतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो, वर फाइल चार्ज. रोख देणाऱ्याला मिळणारी सूटही हातची जाते. ज्याच्याकडे रोख नाही त्यानं जरूर घ्यावेत, पण "फुकट" समजून घेऊ नयेत.

उरलेल्या पैशांतले नऊशे केबलवाल्याला दिले, आणि माझ्या मते सगळ्या खरेदीतला सगळ्यात शहाणा खर्च तोच. आमच्या गल्लीत एका काकांकडे ५५ इंची फोरके आहे. त्याच्या पाठीमागे पिवळी-लाल-पांढरी अशी तीन टोकांची वायर आणि तिच्या दुसऱ्या टोकाला केबलचा जुना साधा बॉक्स. त्या बॉक्समधून येणारं चित्र ५७६ ओळींचं. टीव्हीला २,१६० ओळी भरायच्या आहेत, म्हणजे चारांतल्या जवळजवळ तीन ओळी त्यानं मनानंच भरायच्या. त्यातच चौकोनी चित्र ताणून रुंद केलेलं, त्यामुळे मालिकेतल्या सगळ्या सुना जाड. काका म्हणतात कंपनीनं फसवलं. कंपनी काय करणार, नळालाच पाणी नाही.

तर एचडी बॉक्स घ्या आणि तो एचडीएमआय वायरनं (चित्र नि आवाज दोन्ही नेणारी एकच वायर) जोडा, त्या तीन रंगी वायरनं नाही. नाहीतर बॉक्स एचडी असूनही चित्र साधंच येतं. स्टार प्रवाह, झी मराठी ह्यांच्या एचडी वाहिन्या आहेत. सगळ्याच घ्यायला जाऊ नका: एचडी वाहिनीचा दर बहुधा साध्या वाहिनीपेक्षा जास्त असतो. आम्ही दोन मराठी आणि एक खेळाची एचडी ठेवली. बातम्या साध्याच. बातम्यांत तसंही पडद्याचा निम्मा भाग खालच्या पट्ट्यांनीच व्यापलेला असतो, तो एचडीत बघून काय करायचं. माझ्या माहेरी, वैराग रोडला, महिन्याचं बिल नको म्हणून डीडी फ्री डिशची छत्री आहे. एकदाच छत्री-बॉक्सचा खर्च, मग सह्याद्री वाहिनी आणि बाकीच्या बऱ्याच वाहिन्या महिन्याला शून्य रुपयांत. तसल्या घरी तर ३२ च्या पुढे जाण्यात मला अजिबात अर्थ दिसत नाही.

इंटरनेटवर बघणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार एचडीला तासाला तीन जीबीपर्यंत डेटा लागतो, फोरकेला सातपर्यंत. दिवसाला दोन जीबीच्या रिचार्जवर, मोबाइलचा हॉटस्पॉट देऊन टीव्ही बघणार असाल तर फोरके विसरा, साधं एचडीही मध्यंतरापर्यंतच पोचेल. आणि त्यांची १४९ रुपयांची मोबाइलवाली योजना टीव्हीवर चालत नाही, ती फोन नि टॅबपुरतीच. यूट्यूबवर चित्राची क्वालिटी ७२० वर ठेवली की आमच्या पडद्याला पुरेसं आहे, नाटकं तर मुळात तेवढीही स्वच्छ नसतात.

स्मार्ट टीव्हीतल्या "स्मार्ट"वर फार पैसे घालू नयेत असं माझं मत झालंय. ह्या किमतीत एक जीबी रॅम नि आठ जीबी जागा मिळते, चार वर्षांत ती दमते. त्या दिवशी अडीच-तीन हजारांची स्टिक, म्हणजे एचडीएमआयच्या भोकात बसणारं यूट्यूब वगैरे दाखवणारं छोटं यंत्र, लावता येते. पॅनल मात्र बदलता येत नाही. त्यामुळे पाठीमागे निदान दोन एचडीएमआयची भोकं आहेत ना, एवढं बोटानं चाचपून बघा. एक बॉक्सला, एक त्या भविष्यातल्या स्टिकला.

नावांचाही एक घोळ आहे. थॉमसन, कोडॅक, ब्लाउपुंक्ट ही नावं वाचून हे म्हणाले, "कोडॅक म्हणजे रोलवाले ना, जुनी कंपनी." नाव जुनं आहे. टीव्ही मात्र नोएडाची सुपर प्लॅस्ट्रॉनिक्स ही कंपनी परवान्यावर बनवत आली आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त कॅमेऱ्याच्या पुण्याईवर टीव्ही घेऊ नये. नावापेक्षा मी दुकानदाराला विचारलं की बिघडला तर माणूस बार्शीत येतो की सोलापूरहून. सोलापूर सत्तर किलोमीटर. येणाऱ्याचा खर्च वॉरंटीत आहे का, तेही विचारलं. आणि पडदा फुटला तर वॉरंटीत काही मिळत नाही, नवं पॅनल जवळपास टीव्हीच्याच भावात जातं, म्हणून घरात क्रिकेट खेळायला बंदी.

आवाजाचं दुखणं ह्या सगळ्या चपट्या टीव्हींचं. स्पीकर खालच्या बाजूला तोंड करून असतात, आणि आमचा तर शोकेसच्या कप्प्यात, लाकडावर. आत्यांना ऐकू कमी येतं. आवाज पंचेचाळीसवर नेला तरी संवाद घुमतात, शब्द कळत नाहीत. घरात जुने कॉम्प्युटरचे स्पीकर पडून होते. टीव्हीला हेडफोनचं भोक आहे हे मी घेतानाच बघितलं होतं. त्यात ती पिन घातली आणि एक स्पीकर लांब वायरनं खाटेच्या उशाशी नेऊन ठेवला. आता आवाज अठरावर असतो आणि कुठली सून काय म्हणाली ते आत्या आम्हाला सांगतात.

घरी आल्यावर सेटिंगमध्ये शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा. साध्या वाहिन्यांवर तो वाढवला की चेहऱ्यांभोवती पांढरी कड दिसते. पडद्यामागचा दिवा (बॅकलाइट) दुकानाच्या उजेडासाठी वाढवून ठेवलेला असतो, तो उतरवा, डोळे नि वीज दोन्ही वाचतात. आमच्या टीव्हीला पन्नास वॅट लागतात, दिवसाचे सहा तास धरले तर महिन्याला नऊ युनिट. जुना भंगारवाल्याला दीडशेत गेला.

आणि खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, पांढरा नि काळा पडदा लावून मेलेला, म्हणजे रंग न बदलणारा, ठिपका कुठे आहे का ते बसवायला आलेल्या माणसासमोरच बघा. बिलावरचा सीरियल नंबर टीव्हीच्या पाठीवरच्या नंबराशी ताडून पाहा. आमच्या बिलात दोन आकडे इकडचे तिकडे झाले होते, त्याच दिवशी दुसरं बिल करून घेतलं. ते गुळगुळीत कागदावरचं असतं, सहा महिन्यांत अक्षरं उडतात, म्हणून झेरॉक्स काढून मीटरच्या बिलांच्या फाइलमध्ये लावून ठेवली आहे.